नर्सिंग सोडून वेलनेसकडे जाताना: आधी कारण शोधा, मग राजीनामा लिहा

जे ऐकण्याऐवजी वाचताय त्यांच्यासाठी हा भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ तेवढे गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे हॉस्पिटलची नोकरी सोडून वेलनेसच्या कामात जाणं. आता तुम्ही म्हणाल, हा सॉफ्टवेअरवाला, याचा काय संबंध? संबंध घरचाच आहे. माझी ताई नऊ वर्षं नर्स होती, त्यातली शेवटची सहा पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये. मागच्या वर्षी तिने ती नोकरी सोडली आणि आता ती योग शिकवते. या सगळ्यात मी कारकुनी केली: नियम वाचले, कोर्स शोधले, खर्चाचं एक्सेल बनवलं. ताईची परवानगी घेऊनच बोलतोय. तिची एकच अट होती. ‘मला हिरोईन करू नकोस, आणि हॉस्पिटलमध्ये राहिलेल्यांना बिचारं म्हणू नकोस.’ मान्य.

बर्नआउट म्हणजे नेमकं काय?

हा शब्द आमच्या आयटीत तर चहासारखा वापरतात. सोमवारी काम नकोसं वाटलं तरी बर्नआउट. पण या शब्दाचा जन्म आरोग्यसेवेतलाच आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथे मन लावून राबणारे कार्यकर्ते काही महिन्यांत रिकामे होत जाताना त्यांनी पाहिले आणि १९७४ साली त्यावर लेख लिहिला. पुढे क्रिस्टिना मासलाक यांनी ते मोजायची प्रश्नावली तयार केली. ती आजही जगभर वापरतात.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, बर्नआउटची व्याख्या दिली. त्यात त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही की जे होतं ते बर्नआउट. त्याची तीन अंगं आहेत.

पहिलं, थकवा. झोप काढली तरी न उतरणारा. ताई ऑफच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत झोपायची आणि उठल्यावर म्हणायची, ‘आत्ता झोपले असते तर बरं झालं असतं.’

दुसरं, कामापासून मन तुटणं. त्यातून येणारा कडवटपणा. पेशंटला नावाऐवजी ‘बेड नंबर चार’ म्हणणं हे हॉस्पिटलमध्ये सगळेच करतात. पण नातेवाइकांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की ताईला त्यांचा राग यायला लागला, आणि राग येतोय याची लाज वाटायला लागली.

तिसरं, आपण काही कामाचे नाही असं वाटणं. जी बाई अवघड शिरेत पहिल्या फटक्यात सुई लावायची, ती घरी येऊन विचारायची, ‘मी गेले नसते तर काही फरक पडला असता का?’

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बर्नआउटचा संबंध कामाशी असतो. पण कामाबाहेरही कशातच रस वाटत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत आणि नोकरी बदलणं हा त्यावरचा उपचार नव्हे. आधी डॉक्टरांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, स्वतःसाठी नाही तर मित्रासाठी.

आग कुठे लागली होती?

आमच्याकडे सिस्टीम बंद पडली की पहिला नियम असा: कारण कळल्याशिवाय नवा सर्व्हर घेऊ नका. नाहीतर तोच घोळ नव्या सर्व्हरवर होतो. नोकरीचंही तसंच आहे.

मासलाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी कामातल्या सहा जागा सांगितल्यात, जिथे माणूस आणि काम यांचं फाटतं. कामाचा भार. कामावरचा ताबा. मोबदला, त्यात पैसाही आला आणि शाबासकीही. सोबतची माणसं. न्याय. आणि मूल्यं, म्हणजे आपल्याला जे बरोबर वाटतं ते करता येतंय का.

मी ताईला कागदावर हे सहा शब्द लिहून दिले आणि प्रत्येकापुढे लाल, पिवळा, हिरवा यातलं एक लिही म्हटलं.

भार: लाल. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हवी, हे कुठल्याही आयसीयूत पाठ असतं. प्रत्यक्षात तिच्याकडे दोन, कधी तीन. त्यात रिलीव्हर आली नाही की डबल ड्युटी. मॉनिटर, पंप, व्हेंटिलेटर सगळे वाजत असतात. अलार्म इतके वाजतात की कान त्यांना सरावतात, आणि खऱ्या अलार्मकडेही दुर्लक्ष व्हायचा धोका तयार होतो. आमच्या ऑन-कॉलमध्येही हेच होतं. फरक एवढाच की आमच्या अलार्ममागे माणूस झोपलेला नसतो.

ताबा: लाल. पुढच्या आठवड्याचं ड्युटीचं वेळापत्रक आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर यायचं. न्याय: लाल. नाईट कोणाला जास्त लागतात हे सगळ्यांना माहीत, बोलणार कोण? मोबदला: पिवळा. हातात ३१,००० रुपये.

हा पगाराचा प्रश्न फक्त ताईचा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात नर्सचा पगार त्या राज्यातल्या सरकारी नर्सइतका असावा, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीसुद्धा २०,००० च्या खाली नसावा. शिफारस आहे, म्हणून ती सगळीकडे पोचली असं नाही.

सोबतची माणसं: हिरवा. गडद हिरवा. नाईटला एकाच डब्यातलं खाणाऱ्या त्या सिस्टर, ब्रदर आणि मावशी आजही तिच्या सगळ्यात जवळच्या आहेत.

आणि मूल्यं: तिथे ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, ‘पेशंटचा कंटाळा नाही रे आला. पेशंटला वेळ देता येत नाही, त्याचा आला.’

याला एक नाव आहे: नैतिक घुसमट. अँड्र्यू जेमटन नावाच्या तत्त्वज्ञांनी १९८४ मध्ये नर्सेसबद्दलच लिहिताना ही कल्पना मांडली. काय करायला हवं हे तुम्हाला पक्कं माहीत असतं, पण व्यवस्था ते करू देत नाही. आजोबांची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, म्हणजे पाठीला जखम होणार नाही. तुम्हाला ते माहीत आहे. पण शेजारच्या बेडचं बीपी पडतंय. आजोबांची कूस राहते. हे एकदा झालं तर आपण विसरतो. रोज झालं तर ते साचत जातं.

त्या कागदाने एक गोष्ट स्पष्ट केली. सहापैकी चार लाल होत्या, पण ‘माणसांची काळजी घेणं’ हे काम कुठेच लाल नव्हतं. लाल होती ती त्या कामाची परिस्थिती. हे कळणं महत्त्वाचं, कारण त्यावरून पुढचा रस्ता ठरतो. परिस्थिती जाळत असेल तर कदाचित दुसरं हॉस्पिटल, दुसरा विभाग पुरेसा असतो. कामच नको असेल तर वेलनेसमध्येही ते नकोच वाटणार, कारण तिथेही समोर दुखणारी माणसंच येतात.

‘होलिस्टिक’ हा शब्द आला कुठून?

इन्स्टाग्रामवर हा शब्द धूप, गुलाबी मीठ आणि पहाटेच्या समुद्रासोबत येतो. मुळात तो ‘होलिझम’वरून आला, आणि होलिझम हा शब्द यान स्मट्स या दक्षिण आफ्रिकेच्या राजकारण्याने १९२६ च्या आपल्या पुस्तकात मांडला. अर्थ साधा: तुकड्यांची बेरीज म्हणजे अख्खी गोष्ट नव्हे. माणूस म्हणजे किडनी अधिक फुप्फुस अधिक हृदय एवढंच नाही.

गंमत अशी की नर्सिंगमध्ये ही कल्पना शब्दाच्या आधीपासून आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये नर्सिंगवर जे पुस्तक लिहिलं, त्यात मोकळी हवा, उजेड, स्वच्छता, शांतता आणि खाणं यांवर भर आहे. सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका, मग डॉक्टर. त्यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली: मरणाच्या दारातल्या माणसाचं दुखणं शरीराचं असतं, मनाचं असतं, घरच्यांच्या काळजीचं असतं आणि ‘माझ्याच वाट्याला का’ या प्रश्नाचंही असतं. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं आणि आजची पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आराम देणारी उपचारपद्धती, तिथून वाढली.

म्हणून ताई वेलनेसकडे वळली तेव्हा ती काही परक्या देशात गेली नाही. कॉलेजात जे शिकवलं होतं आणि ड्युटीवर जे करायला वेळ मिळत नव्हता, तेच तिला करायचं होतं.

आणि म्हणूनच, बाहेर पडण्याआधी आतले दरवाजे बघा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. अशा ठिकाणी नर्स पेशंटशेजारी बसते आणि बसणं हे तिचं कामच मानलं जातं. डायबेटिस एज्युकेटर हे एक काम आहे, शाळेतली नर्स हे एक आहे. सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरं, ज्यांना २०१८ पासून हेल्थ अँड वेलनेस सेंटर म्हणायचे, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. बीपी-शुगरची तपासणी, औषधं आणि योगाची सत्रंसुद्धा तिथे होतात. वेलनेस शब्द सरकारी पाटीवरही आहे, हे आपल्याला रील्समुळे लक्षात येत नाही.

सोडायचंच ठरलं तर: कोणता कागद खरा?

ताईने घाई केली नाही. आधी सहा आठवडे बिनपगारी रजा घेतली. झोपली, गावी जाऊन आली, आणि मग ठरवलं. तिचं म्हणणं, ‘नाईटवरून आल्या आल्या राजीनामा लिहू नये. त्या वेळी तर मी स्वयंपाकघरालाही राजीनामा दिला असता.’

घरी वादळ झालंच. आई म्हणाली, ‘एवढं शिकलीस ती काय लोकांना हात वर, हात खाली करायला?’ बाबांनी सरकारी भरतीची जाहिरात कापून ठेवली होती. त्यांचं चुकत नव्हतं. नर्सिंगला समाजात एक नाव आहे, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे. ‘वेलनेस कोच’ला काय आहे?

हाच खरा प्रश्न. आपल्याकडे ‘वेलनेस कोच’, ‘हेल्थ कोच’, ‘होलिस्टिक हीलर’ हे शब्द कुणीही नावापुढे लावू शकतो. शनिवार-रविवारच्या कोर्सचं रंगीत सर्टिफिकेट भिंतीवर छान दिसतं, पण त्यामागे कोण उभं आहे ते बघा.

योगापुरतं बोलायचं तर केंद्राच्या आयुष मंत्रालयाखाली योग सर्टिफिकेशन बोर्ड आहे, २०१८ पासून. त्याच्या परीक्षा पायऱ्या-पायऱ्यांनी आहेत: प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, वेलनेस इन्स्ट्रक्टर, त्यावर टीचर अँड इव्हॅल्युएटर वगैरे. थेरपीची वाट वेगळी. दुसरीकडे ‘दोनशे तास, योगा अलायन्स’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ती अमेरिकेतली खाजगी संस्था आहे, सरकारी परवाना नव्हे. परदेशी शिकवायचं असेल तर तिच्या नोंदणीचा उपयोग होतो, पण दोन्ही एकच समजू नका.

आपलं नशीब असं की शिकायला लांब जावं लागत नाही. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे संशोधनाचं नियतकालिकही सुरू केलं. श्वास रोखला की शरीरात काय होतं हे मोजून बघायचं, हा विचार शंभर वर्षांपूर्वी लोणावळ्यात होत होता. पुण्यात अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे.

आहाराचा सल्ला द्यायचा असेल तर गोष्ट अजून वेगळी. आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट वगैरे व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राने वेगळा कायदा केलाय. नर्सला आहाराची माहिती असते, पण ती माहिती म्हणजे डाएटिशियनची पदवी नव्हे. ताई बॅचमध्ये कुणाला आहाराचा तक्ता लिहून देत नाही.

आणि एक कागद मात्र सोडू नका: नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. त्याचं नूतनीकरण वेळेवर करत राहा. परतीची वाट उघडी असली की पुढे चालताना भीती कमी वाटते. हॉस्पिटलमधून निघताना अनुभवाचा दाखला, रिलीव्हिंग लेटर आणि मूळ प्रमाणपत्रं हातात घेऊनच निघा.

आता एक्सेल उघडूया

हा माझा आवडता भाग. आकडे ताईचे आहेत. तुमचे वेगळे असतील, पण रकाने हेच राहतील.

सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दोन बॅच. सकाळी अकरा जण, संध्याकाळी सात. प्रत्येकी महिना १,२०० रुपये. झाले २१,६००. त्यातून हॉलचं भाडं ४,०००, पेट्रोल १,५००, आणि आरोग्य विम्याच्या हप्त्याचा महिन्याचा वाटा १,२००. उरले १४,९००. म्हणजे आधीच्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी.

आणि हा चांगला महिना. मे महिन्यात लोक गावाला जातात. नऊच जण उरले: १०,८०० जमा, खर्च तोच ६,७००, हातात ४,१००. दिवाळीतही हीच कथा.

नोकरीत न दिसणाऱ्या गोष्टीही लिहा. पीएफमध्ये तुमच्या पगारातून १२ टक्के जातात आणि तेवढाच वाटा मालक भरतो. तो बंद होतो. आजारपणाची रजा नाही. ताईला ताप आला तर बॅच बंद. दुसरीकडे, एकाच ठिकाणी सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते, ती मागायला लाजू नका. हिशोब सोपा आहे: शेवटचं बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ताईचं बेसिक १६,००० आणि वर्षं सहा. सुमारे ५५ हजार झाले.

घरखर्चातला तिचा वाटा २२,०००. सहा महिन्यांचे १,३२,०००. एवढे बँकेत जमेपर्यंत तिने राजीनामा दिला नाही. त्यासाठी आठ महिने जास्त नोकरी केली. ते आठ महिने, ती म्हणते, आधीच्या दोन वर्षांपेक्षा हलके गेले, कारण शेवटची तारीख माहीत होती.

रेषा कुठे आखायची

आता या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं. हॉस्पिटलमध्ये तुमच्यावर दहा जणांची नजर असते: डॉक्टर, इन्चार्ज, फाईल, ऑडिट. वेलनेसमध्ये तुमच्यावर कुणाचीच नसते. आणि बाजार नेमका त्याला पैसे देतो जो सगळ्यात मोठं आश्वासन देतो.

ताईच्या सकाळच्या बॅचमध्ये एक काकू होत्या. डायबेटिस, गोळ्या चालू. तीन-चार महिने नियमित आल्या, वजन उतरलं, शुगर सुधारली. एक दिवस म्हणाल्या, ‘सिस्टर, आता गोळ्या बंद करते. एका व्हिडिओत सांगितलंय, योगाने डायबेटिस मुळापासून जातो.’

ताईने त्यांना बाजूला बसवून समजावलं. खाणं कमी झालंय, व्यायाम वाढलाय आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी आधीच्याच डोसमध्ये चालू आहे, तर साखर अचानक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर, बेशुद्धीसुद्धा. म्हणजे डोस कमी करायची वेळ खरंच आलेली असू शकते. पण तो डॉक्टर रिपोर्ट बघून कमी करणार. आपल्या मनाने गोळी बंद केली तर साखर पुन्हा चढते आणि बरेच दिवस कळतही नाही. ‘मी तुमच्याबरोबर येते डॉक्टरांकडे,’ असंही ती म्हणाली.

काकूंना ते पटलं नाही. त्यांना ‘गोळ्या सोडवणारा’ दुसरा क्लास सापडला. जाताना दोन मैत्रिणींनाही घेऊन गेल्या. ३,६०० रुपये महिना कमी. त्या संध्याकाळी ताई गप्प होती. ‘आयसीयूत वेळ नव्हता म्हणून समजावता यायचं नाही,’ ती म्हणाली, ‘इथे वेळ होता, तरी नाही जमलं.’

मी म्हणतो, तिने त्या दिवशी जे केलं तेच तिचं खरं भांडवल आहे. ‘हे माझ्या हातातलं नाही, डॉक्टरांकडे चला’ असं म्हणता येणं. काचबिंदूवाल्याला ती डोकं खाली करायची आसनं देत नाही, कारण डोळ्यातला दाब वाढतो. हाडं ठिसूळ झालेल्या आजींना खोल पुढे वाकू देत नाही. छातीत जडपणा आणि घाम म्हटल्यावर शवासन नाही, थेट ईसीजी.

कायदाही याच बाजूला आहे. १९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपचार आक्षेपार्ह जाहिराती कायदा डायबेटिस, कॅन्सरसारख्या यादीतल्या आजारांवर इलाजाच्या जाहिराती करायला मनाई करतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने आरोग्यविषयक इन्फ्लुएन्सरसाठी सूचना काढल्या: आरोग्यतज्ज्ञ म्हणून बोलत असाल तर आपली पात्रता सांगा, आणि तज्ज्ञ नसताना तज्ज्ञ असल्याचा आव आणत असाल तर आपलं बोलणं हा डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट करा.

मग योगाने काही होत नाही का? होतं की! फक्त मापात सांगावं. जुनाट कंबरदुखीवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले तेव्हा काहीच व्यायाम न करण्यापेक्षा योगाने थोडा फायदा दिसला, आणि कंबरेच्या इतर व्यायामांच्या तुलनेत फार फरक दिसला नाही. ध्यानावरचा २०१४ चा एक मोठा आढावा ४७ प्रयोगांचा होता. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. ‘थोडा फायदा’ हे शब्द पोस्टरवर चांगले दिसत नाहीत. पण ज्याची कंबर दुखतेय त्याला थोडा फायदाही हवा असतो, आणि खोटं न ऐकता हवा असतो.

वेलनेसमध्ये बर्नआउट होत नाही?

होतं. ताईने सहा महिन्यांनी तोच सहा शब्दांचा कागद पुन्हा भरला. ताबा: हिरवा. मूल्यं: हिरवा. न्याय: हिरवा, कारण वेळापत्रक करणारी तीच. भार: पिवळा, पहाटे साडेचारला उठणं, वर व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर ‘मॅडम, गुडघा दुखतोय, काय करू?’ मोबदला: लाल. आणि सोबतची माणसं, जी हॉस्पिटलमध्ये गडद हिरवी होती, ती इथे लाल. एकटीच. नाईटचा डबा वाटून खाणारं कुणी नाही.

या दोन लालवर तिने उपाय केला. सध्या ती आठवड्यातले तीन दिवस एका संस्थेसोबत घरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर देते. त्याचे महिन्याला १२,००० मिळतात, आणि टीम मिळते. एका घरी पाऊण तास. जखम बघायची, औषधं बघायची, आणि मुलीला ‘तू जेवलीस का?’ विचारायचं. बाकी वेळ योग. दोन्ही मिळून अजूनही जुन्या पगाराला पोचत नाही. पण आता नातेवाइकाने तिसऱ्यांदा विचारलं तर ती तिसऱ्यांदा सांगते.

तर तुमच्यापैकी कुणी नर्स, डॉक्टर, फिजिओ, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट असेल आणि हे वळण घ्यायच्या विचारात असेल, तर जाता जाता चार कामं देतो. सहा शब्दांचा कागद भरा, तोही सुट्टीत, झोप झाल्यावर. लाल काय आहे ते बघून आधी आतले पर्याय शोधा. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत तारीख ठरवू नका. आणि नवीन कामात तुम्ही काय करणार नाही, याची यादी पहिल्याच दिवशी लिहून भिंतीवर लावा.

आणि ज्यांच्या घरात कुणी नाईट करून येतं त्यांच्यासाठी एकच: दुपारी मिक्सर लावू नका. झोपू द्या.

हा भाग तुमच्या ओळखीच्या एखाद्या सिस्टरला किंवा ब्रदरला पाठवा. पुढच्या भागात शिफ्ट ड्युटी आणि झोप यावर बोलूया. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच!